चोर सोडून संन्याशाला

रात्री साडेअकराला फोन चार्जिंगला लावायचा आणि सकाळी सहाचा गजर बंद करताना बघायचं, तर २९ टक्के. मग घरात निदान सुरू होतं आणि दोन शब्दांत संपतं: बॅटरी गेली. चहा होईपर्यंत नव्या बॅटरीचा आणि नाश्ता होईपर्यंत नव्या फोनचा विषय निघालेला असतो.

भिंतीतून निघालेली वीज बॅटरीपर्यंत पोचायची तर वाटेत बोर्ड, चार्जर, केबल, फोनचं तोंड, त्यामागची चार्जिंगची पट्टी आणि किती वीज आत घ्यायची ते ठरवणारी चिप एवढे नाके लागतात. गाडी कुठेही अडली तरी पावती फाटते बॅटरीच्या नावाने. बॅटरी यातली सगळ्यात महागडी आरोपी, म्हणून तिची पाळी शेवटी यावी.

बोर्डाचं बटण चालू आहे का, हा प्रश्न अपमानास्पद वाटतो, तरी विचारावा. ज्या सॉकेटला वर्षानुवर्षं इस्त्री लागली त्यातली पितळी पट्टी सैलावलेली असते. चार्जरच्या बारीक पिना ती घट्ट धरत नाही, चार्जर आपल्याच वजनाने पुढे झुकतो आणि फोन रात्रभर अधूनमधून ‘टिंग’ करत राहतो. प्रत्येक टिंग म्हणजे एकदा तुटून पुन्हा जुळलेला संबंध. ‘आमच्याकडे व्होल्टेजच कमी असतं’ ही सबब मात्र सहसा टिकत नाही. चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं. दिवा मिणमिणत असला तरी चार्जरचं काम चालतं.

अट्टल चोर बसलेला असतो फोनच्या तोंडात. टाइप-सीच्या तोंडात मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा संपर्क. खिशातले धागे आणि पर्समधला चुरा तिच्याभोवती शिरतो, आणि दर वेळी केबल खुपसताना आपणच तो मागच्या भिंतीवर ठासून बसवतो. वर्षभरात त्याची घोंगडी होते. मग केबल लावताना ‘टच्’ असा बारीक ठसका लागत नाही, पिनेची धातूची कड जरा बाहेर दिसते आणि फोन उचलला की केबल गळून पडते. लोक फोनखाली वही ठेवतात, केबलला रबरबँड बांधतात, पिन डावीकडे दाबून श्वास रोखून बसतात. त्यापेक्षा फोन पूर्ण बंद करावा आणि खिडकीच्या उजेडात धरावा. दात कोरायच्या लाकडी काडीचं टोक ब्लेडने चपटं करून घ्यावं, जिभेला धक्का न लावता मागच्या भिंतीपर्यंत न्यावं आणि कडेकडेने ओढत आणावं. पहिल्या दोन-तीन खेपांना हाती काही लागत नाही. मग एकदम जीन्सच्या निळ्या रंगाचा, त्या खाचेच्याच आकाराचा बोळा बाहेर येतो, इतका घट्ट की त्याच्या कडांना कोपरे असतात. सुई किंवा सेफ्टी पिन घालू नये. एक संपर्क उचकटला की फुकटाचं काम दुकानात जातं. तोंडाने फुंकरही नको, फुंकरीत ओल असते.

केबलची लबाडी बाहेरून दिसत नाही. आतल्या तांब्याच्या तारेची जाडी एडब्ल्यूजी या मापात सांगतात. आकडा मोठा तेवढी तार बारीक. एक मीटर लांबीच्या २४ नंबरच्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुमारे ०.०८ ओहम, २८ नंबरचा सुमारे ०.२१. वीज जाते तशी परतही येते, म्हणून हिशेब दुप्पट. २ अँपिअर ओढले तर जाड तारेत ०.३४ व्होल्ट गळतात, बारीक तारेत जवळपास ०.८५. चार्जरने इमानाने सोडलेल्या ५ व्होल्टपैकी फोनपाशी उरतात ४.१५, आणि बॅटरी भरत आली की तिचंच व्होल्टेज ४.२ किंवा नव्या फोनांत त्याहून वर गेलेलं असतं. पाणी चढाला कसं वाहणार? चिपला व्होल्टेज घसरताना दिसलं की ती मुकाट्याने ओढ कमी करते. पडद्यावर मात्र विजेचं तेच हिरवं चिन्ह दिमाखात झळकत असतं. कॉटवर लोळत फोन बघता यावा म्हणून घेतलेली दोन मीटरची स्वस्त केबल या हिशेबात दुप्पट खाते. म्हणून चार्जर तोच ठेवून आधी केबल बदलून पाहावी.

चार्जरची गोष्ट बोलीभाषेची आहे. फोन आणि चार्जर आधी ५ व्होल्टवर भेटतात आणि बोलणी जमली तरच ९ किंवा त्याहून वर जातात. यूएसबी पॉवर डिलिव्हरी ही त्यांची प्रमाणभाषा. पण कित्येक कंपन्यांच्या अतिजलद चार्जिंगची घरगुती बोली निराळी, ती त्यांच्याच चार्जरला आणि पुष्कळदा त्यांच्याच केबलला कळते. म्हणून पाहुण्याचा ६५ वॅटचा चार्जर तुमच्या फोनला जेमतेम १० वॅट देऊ शकतो, आणि त्यात दोघांपैकी कोणीच बिघडलेलं नसतं. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात. १० वॅटने ती अडीच-तीन तासांत भरेल. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी तोंडातून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीचच वॅट मिळतात. तिथे आठ-नऊ तास लागतात, तेही फोन झोपलेला असेल तर. हॉटस्पॉट चालू ठेवून झोपलात तर तो २९चा आकडा तिथून आलेला असू शकतो.

पावसाळ्यात तोंडात ओल असल्याची सूचना येते आणि फोन चार्जिंग नाकारतो. त्याचं ऐकावं. ओल्या संपर्कांतून वीज गेली की ते हिरवट पडतात, आणि तो डाग काडीने निघत नाही. फोनचं तोंड खाली करून तळहातावर हलकेच आपटावा, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. अर्ध्या तासात भागलं नाही तर दिवसभर थांबायची तयारी हवी. तांदळाच्या डब्यात फोन पुरून तांदळाचा चुरा तेवढा तोंडात जातो.

एप्रिलमध्ये नागपुरात गाडीच्या काचेपाशी नकाशा लावून फोन चार्ज होत नसेल तर तोही शहाणपणाच करतो आहे. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास गेली की आत वीज घेणं मंदावतं किंवा थांबतं. रोज बरोबर ८० टक्क्यांवर अडणारा फोन घेऊन दुकानात जाण्याआधी सेटिंगमध्ये पाहावं. ती मर्यादा बहुधा बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून ठेवलेली असते. फोन पार शून्याला जाऊन दोन दिवस पडून राहिला असेल तर चिप आधी चमचा-चमचा वीज पाजते आणि पडदा अर्धा तासही काळा राहू शकतो. तेवढ्या वेळात दर मिनिटाला बटण दाबून त्याचा छळ करू नये.

हे सगळं निस्तरूनही पिन हलवल्यावर चार्जिंग येत-जात असेल, तर दुकानात चार्जिंगची पट्टी आधी तपासायला सांगावी. बऱ्याच फोनांत ती सुटी निघते आणि बॅटरीपेक्षा स्वस्तात बदलते.

खरोखर बॅटरी दोषी असेल तेव्हा ती लपवत नाही. ४० टक्क्यांवर असताना कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला की फोन बंद पडतो, कारण म्हाताऱ्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो आणि अचानक ओढ बसली की तिचं व्होल्टेज कोसळतं. चार्जर लावताच तोच फोन पुन्हा ३८ दाखवतो. सपाट टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगायला लागला, पाठ किंवा पडद्याची कड उचलली गेली, तर आत बॅटरी फुगली आहे. तिला दाबून बसवू नये, टोचू नये आणि आणखी एकदाही चार्जिंगला लावू नये. बदलल्यावर जुनी बॅटरी दुकानदार कागदात गुंडाळून हातात देतो आणि ती घरी येऊन रिमोटच्या सेलांच्या, किल्ल्यांच्या ड्रॉवरमध्ये जाऊन बसते. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती त्याच दुकानात ई-कचऱ्यासाठी ठेवून यावी.