छोट्या लाईनीचा टाकून दिलेला पूल

कुहीहून उमरेडकडे जाताना गाडी कडेला लावली आणि धुऱ्याधुऱ्यानं आत शिरलो. पऱ्हाटी कमरेला लागत होती. पुढं नाला, आणि नाल्यावर छोट्या लाईनीच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, पुलाचे दगडी खांब. रूळ, स्लीपर, गर्डर म्हणजे लोखंडी तुळया, सगळं उचलून नेलेलं. गर्डर टेकायचे तिथले गंजके बोल्ट तेवढे वर आलेले. चिऱ्यांच्या सांध्यात मात्र अजून नख शिरत नाही.

नागपूर-नागभीड ही लाईन बंगाल नागपूर रेल्वेनं १९०८ साली सुरू केली. दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अवघं अडीच फूट. भराव अरुंद चालतो, गर्डर हलके लागतात, वळणं कितीही घ्या. नागभीडचा धानपट्टा, भिवापूरची मिरची, उमरेडची बाजारपेठ अशी स्वस्तात नागपूरच्या इतवारीला जोडली गेली.

नाल्याकाठी ढोरं चारणारे एक काका भेटले. गाडी कशी होती विचारलं, तर म्हणाले, "शकुंतला होती नं भाऊ! सायकलवाला बी तिले मांगं टाके." खरी शकुंतला यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची. पण विदर्भात छोटी गाडी दिसली की ती शकुंतलाच. काकांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

परदेशात काही नद्यांवर फिरते रेल्वेपूल असतात. पुलाचा मधला भाग, म्हणजे गाळा, एका खांबावर आडवा फिरतो, जहाज गेलं की परत रुळाला रूळ जुळतो. रेल्वे बंद पडली की बऱ्याचदा तो गाळा उघडाच ठेवून देतात, बोटींना वाट राहावी म्हणून. आमच्या नाल्यात उन्हाळ्यात म्हैस बसायला पाणी नसतं, जहाज कुठलं! इथं पूल गेला तो रुंदीपायी. छोटी लाईन ब्रॉडगेज, म्हणजे मोठी लाईन, करायची तर रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर लागतं. नुसते रूळ लांब सरकवून भागत नाही. इंजिनाचं, डब्यांचं वजन कितीतरी वाढतं, त्या भाराला जुना पूल चालत नाही. म्हणून खांब धडधाकट असूनही ते मोडीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये छोटी गाडी थांबली.

इंजिनं बघायची असतील तर नागपुरातच मोतीबागेला नॅरोगेज संग्रहालय आहे, २००२ पासूनचं. पोट्ट्यांना घेऊन जा, खूश होतात. पूल बघायला मात्र इकडंच यावं लागेल, आणि दिवाळीनंतरच या. पावसाळ्यात इथली काळी माती चप्पलसुद्धा ठेवून घेते.