भांगाचे दिवस

सोमवार, रात्री पावणेबारा

फिल्मफ्रीवे, म्हणजे महोत्सवांना फिल्म पाठवायची वेबसाइट, तिच्यावरचा फॉर्म अर्धा भरून झालाय. नाव, भाषा, कॅमेरा, चित्रीकरणाचं ठिकाण, दिग्दर्शिकेचा पहिलाच चित्रपट आहे का (हो), हे सगळं पाच मिनिटांत उरकलं. मग आला सारांशाचा चौकोन, आणि दीड तास झाला, तिथेच अडून बसलेय.

२४ मिनिटांचा माहितीपट. चेंदणी कोळीवाड्यातल्या एक आजी ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीत उतरतात, गुडघाभर चिखलात चालतात आणि बिळात हात घालून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, पकडतात. मी राहते कोपरीत, त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. दोन वर्षं नौपाड्यातल्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करून उरलेल्या वेळात त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन फिरले. एवढंच लिहायचं होतं. पण पहिल्या मसुद्यात माझ्या हातून उतरलं ते असं: ‘खाडीत उतरणाऱ्या शेवटच्या कोळिणीची गोष्ट’.

वाक्य वजनदार आहे. हजार फिल्म बघून थकलेला निवड समितीतला माणूस कदाचित तिथे थांबेलही. पण ते खोटं आहे. आजींच्या शेजारची सून उतरते. विटाव्याकडून दोघी-तिघी येतात. माझ्याच फुटेजमध्ये त्या मागे वाकलेल्या दिसतात. त्यांना कापून ‘शेवटची’ उभी करायची म्हणजे जित्या माणसाच्या फोटोला हार घालण्यासारखं आहे.

कॉलेजात असताना मी ‘मिफ’ला जायचे. १९९० पासून दर दोन वर्षांनी भरणारा माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा हा महोत्सव. ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, मग पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात दिवसभर मुक्काम. डबा जिन्यात बसून खायचा आणि पुन्हा आत. तिथे बघितलेल्या ज्या फिल्म अजून माझ्याबरोबर आहेत, त्यातल्या एकीतही माणसाचा नमुना केलेला नव्हता. नमुना झालेल्या माणसांच्याही फिल्म बघितल्या असणार, पण त्या आज आठवत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला खुपते. २०१५ साली खाडीचा एक पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ती जागा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. चांगलंच झालं, मनापासून म्हणते. पाखरांना पत्ता मिळाला. त्याच खाडीच्या चिखलात पिढ्यान् पिढ्या उतरणाऱ्या बायकांना आपण ‘शेवटच्या’ म्हणून मोकळे होतो. शेवटची म्हटलं की खाडीत सांडपाणी कुठून येतं, निवट्या कमी का झाल्या, हे विचारायची गरजच उरत नाही.

शब्द खोडला. चौकोन रिकामा ठेवून झोपते.

बुधवार

आजचा दिवस सबटायटल्सचा. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी. आजी बोलतात भरभर, आणि त्यांचा निम्मा शब्दसाठा पाण्याचा आहे.

अडलं ते ‘भांग’पाशी. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणात पाणी वर खूप चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. भांगात चढणंही बेताचं, ओसरणंही बेताचं, चिखल पुरेसा उघडा पडत नाही. म्हणून आजी उधाणाच्या दिवसांत खाडीत असतात आणि भांगात घरी. त्यात आपल्याकडे पुनव-अवसेची ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहा-सातच्या सुमाराला येते. म्हणजे चिखल उघडा आणि ऊन तिरपं, दोन्ही एका वेळी. फिल्ममधला प्रकाश बघून लोक माझं कौतुक करतात. तो प्रकाश मी निवडलेलाच नाही, तो तिथीने दिला.

इंग्रजीत याला नीप टाइड म्हणतात. अचूक शब्द, पण आजींच्या तोंडी तो भूगोलाच्या पुस्तकातून उतरल्यासारखा वाटतो. आणि फिल्मचं नावच ‘भांग’! मराठीत केसांतला भांगही तोच आणि प्यायची भांगही तीच. रोमन लिपीत लिहिलं तर पिण्याशिवाय दुसरा अर्थ कुणाच्या मनात येणार नाही. नाव बदल, असं तिघांनी सांगितलं. मी हट्टाला पेटलेय. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमा ड्रॅमॅटिक विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवणारी फिल्म ‘साबर बोंडं’ हे नाव घेऊनच गेली होती, इंग्रजी अर्थ सोबतीला होता इतकंच. आपला शब्द परक्या गावात आधी आवाज म्हणून पोचला तरी चालतो, अर्थ मागून येतो.

संध्याकाळी आजींकडे गेले आणि सरळ विचारलं, भांग म्हणजे काय, एखाद्या लहान पोराला कसं सांगाल? त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पानी दमतं तवा भांग.”

घरी येऊन तेच इंग्रजीत घातलं. एका ओळीत बसलं.

गुरुवार

पैशांचा हिशेब. १५,००० रुपये बाजूला काढलेत, प्रवेशशुल्क बहुतेक ठिकाणी डॉलरमध्ये. पाचच महोत्सवांना पाठवणार. तारीख जवळ येईल तसं शुल्क चढतं, त्यामुळे उशीर परवडणारा नाही.

ध्वनी सांभाळणारा मित्र येऊन गेला. त्याने एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. आम्ही सेकंदाला २५ फ्रेम्सवर शूट केलंय आणि डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत, बहुतेक ठिकाणी २४ वर मागतात. तेवढीच चित्रं जराशी सावकाश चालवली की २४ मिनिटांची फिल्म बरोबर २५ मिनिटांची होते, आणि आवाज दुरुस्त केला नाही तर तो किंचित खाली उतरतो. त्याने आजींचं एक वाक्य तसं ऐकवलं. फरक सांगून कळेल इतकाच होता, पण त्या आजी नव्हत्या, त्यांची थकलेली कुणी बहीण होती. निवड झाली तर आवाज दुरुस्त करूनच डीसीपी करायची, असं ठरलं.

शनिवार, अष्टमी

आज आजींच्या पडवीत फिल्म दाखवली.

एका महोत्सवाच्या नियमावलीत अट आहे की भारतात आधी जाहीर प्रदर्शन झालेलं नसावं. फिल्ममधल्याच माणसांना त्यांच्या घरी दाखवणार आहे, तिकीट नाही, आमंत्रणपत्रिका नाही, असं मी आयोजकांना मंगळवारीच मेलने कळवलंय. उत्तर आलेलं नाही. उत्तराची वाट बघायला हवी होती, असं मित्र म्हणाला. मला नाही पटलं. ज्या बाईचे हात मी २४ मिनिटं दाखवते, तिने ते परक्यांच्या नंतर बघायचे का?

भांग असल्यामुळे सगळ्या घरी होत्या. लॅपटॉप पाटावर ठेवला, त्याला छोटा स्पीकर जोडला. आजी, शेजारची सून, विटाव्याच्या दोघी, आणखी चार बायका आणि मांडीवरची पोरं. पहिली पाच मिनिटं नुसता गलका. “अगो, ही तर माझी साडी!” मग हळूहळू शांत झाल्या. आजी स्वतःकडे बघतच नव्हत्या, चिखलाकडे बघत होत्या.

नवव्या मिनिटाला शेजारची सून म्हणाली, “थांब, मागं घे.”

मागे घेतलं. पहाटे आजी खाडीत उतरतात, त्यानंतर तिवरांचा एक शॉट आहे. नऊ सेकंदांचा, माझा लाडका. खोडांवर ऊन, मुळांमधून पळणारा चिमुकला खेकडा. तिने पडद्यावर बोट ठेवलं. “ह्ये पानी त्या दिवसाचं नाय.”

मला कळेना. तिने दाखवलं. आधीच्या शॉटमध्ये तिवराच्या खोडावर ओला पट्टा माझ्या खांद्याएवढा वर आहे, उधाण येऊन गेल्याची खूण. माझ्या लाडक्या शॉटमध्ये तो पट्टा मुळांच्या जरासा वर, आणि त्याच्या वरचा चिखल सुकून भेगाळलेला. तो भांगाच्या दिवशी टिपला होता. मी दोन तिथी एका सकाळीत चिकटवल्या होत्या. आजी नुसत्या हसल्या. म्हणजे त्यांनाही दिसलं होतं, त्या बोलल्या नव्हत्या.

हा शॉट मी निदान दोनशे वेळा पाहिलाय. मित्राने पाहिलाय, स्टुडिओतल्यांनी पाहिलाय. महोत्सवात कुणालाही कळलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ज्या फिल्मचं नाव ‘भांग’ आहे तिच्यात भांगाचं पाणी उधाणात घुसलेलं असणं मला झोपू देणार नाही.

रविवार, रात्री सव्वादोन

शॉट काढला. जुन्या हार्ड डिस्क उपसून त्याच सकाळचं तिवर शोधलं. सापडलं ते सहा सेकंदांचं. ऊन कमी, खेकडा नाही, कॅमेराही जरा हललेला. पण पट्टा खांद्याएवढा वर आहे. तीन सेकंद कमी झाल्यामुळे पुढची सगळी सबटायटल्स सरकली, ती एकेक करून जागेवर आणण्यात दुपार गेली. आवाजाचा जोड मित्राने घरून करून पाठवला.

सारांशाचा चौकोनही भरला. ‘उधाणाच्या ओहोटीत आजी आणि त्यांच्या शेजारणी खाडीच्या चिखलात उतरतात. भांगाच्या दिवसांत त्या घरी असतात. ही फिल्म दोन्ही दिवसांची आहे.’ इंग्रजीतही ५० शब्दांच्या आत बसलं.

साडेतीन जीबीची फाइल चढायला सव्वा तास लागला. तेवढ्यात श्रेयनामावली परत एकदा तपासली. काल रात्री तिच्यात ‘पाण्याची तपासणी’ अशी एक ओळ वाढवली होती आणि खाली चौघींची नावं, आजींचं पहिलं. आज सकाळी फोन करून त्यांना वाचून दाखवली होती.

“माझं खाली घाल पोरी,” आजी म्हणाल्या. “पयलं तिचं. तिनं बघितलं.”

तसं केलं, आणि पाठवलं.