गुडघ्यावरचं ठिगळ

माझ्या डाव्या गुडघ्यावर एक वण आहे, चौथीत असताना सायकलवरून आपटलो होतो तेव्हाचा. परवा पाय दाबत बसलो होतो तर सहज निरखून बघितला. अख्ख्या पायावर केस पण तिथे एकही नाही, कातडीवर ज्या बारीक बारीक रेघा असतात त्याही नाहीत, नुसतं गुळगुळीत, चकचकीत आणि जरा फिकं. आता गंमत बघा, कातडीचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो म्हणे, म्हणजे इतक्या वर्षांत हा गुडघा शेकडो वेळा कोरा झाला असणार, मग हा वण कसा काय मुक्काम ठोकून बसलाय?

तर भानगड खालच्या थरात आहे. नुसतं खरचटलं तर पेशी वाढून जागा भरून काढतात, खपली पडते, खूण उरत नाही. पण जखम खोल गेली की शरीराला कलाकुसर करायला वेळच नसतो, रक्त थांबवा, जंतू आत येऊ देऊ नका, भोक बुजवा, एवढीच घाई. मग कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे भराभर टाकले जातात, मूळ कातडीत ते कसे छान एकमेकांत गुंफलेले असतात, इथे मात्र बरेचसे एकाच दिशेने ओढल्यासारखे. घामाच्या ग्रंथी नाहीत, केसांची मुळं नाहीत. ताकदही मूळच्या ८० टक्क्यांच्या वर काही जात नाही. रफू नाही हो, सरळ ठिगळ.

यकृताचं मात्र सगळेच कौतुक करतात, दोन तृतीयांश कापलं तरी परत वाढतं म्हणून. खरंय, पण कापलेला भाग काही पुन्हा उगवत नाही, उरलेलाच फुगून वजन भरून काढतो. आणि वर्षानुवर्षं मार बसत राहिला तर तिथेही ठिगळांवर ठिगळं, त्यालाच सिऱ्होसिस म्हणतात.

हृदय तर नव्या पेशींच्या बाबतीत फारच कंजूष. २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी त्याच्या पेशींचं वय काढलं, तेही कशावरून तर अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनवरून (हे सुचतं कसं लोकांना!). पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे हार्ट अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी वणच येतो, जो आकुंचन पावत नाही, नुसता धरून ठेवतो. पण तेही काय कमी आहे, नाहीतर हृदयाची भिंतच फाटायची.

दातांचा तर विषयच सोडा, इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक आवरण, बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर यायच्या आतच संपलेल्या असतात.

मला आपला पालीचा हेवा वाटायचा, शेपटी टाकली की नवी हजर. मग कळलं की त्या नव्या शेपटीत मणके नसतातच, आत नुसती कूर्चेची, म्हणजे लवचीक मऊ हाडाची, एक नळी असते, आणि रंगही बऱ्याचदा जुळत नाही. म्हणजे तिचंही ठिगळच की, फक्त वळवळणारं.