कमी पानांची कादंबरी

डिसेंबर लागला की ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर एक ठरावीक मागणी सुरू होते. वर्षारंभी कोणी पंचवीस, तर कोणी पन्नास कादंबऱ्या वाचण्याचा संकल्प सोडलेला असतो. आता हिशेब जुळत नसतो. मग लेखक, विषय, काळ हे सारे बाजूला पडते आणि पुस्तकाची जाडी हाच निवडीचा एकमेव निकष होऊन बसतो. बाहेरच्यांना याची कल्पना नसते, परंतु पुस्तकात चिकटवलेल्या तारीखपत्रावर हे सरळ वाचता येते. दीडशे पानांच्या आतबाहेरच्या कादंबऱ्यांवर डिसेंबरचे शिक्के दाटीवाटीने बसलेले असतात आणि जाडजूड कादंबऱ्यांवर त्या महिन्याचा शिक्का शोधूनही सापडत नाही.

त्यात 'वर्ष संपण्यापूर्वी वाचायलाच हव्यात' अशा याद्या फिरू लागतात. यादीतल्या ज्या कादंबरीची आमच्याकडे एकच प्रत असते, नेमकी तीच सगळ्यांना त्याच आठवड्यात हवी असते. तिच्या शेजारी, त्याच वर्गांकाखाली, तितक्याच तोलाचे पुस्तक धूळ खात उभे असते. पण ते यादीत नसल्यामुळे कोणी हातात घेत नाही. याद्या करणाऱ्यांवर माझा राग नाही. मात्र यादी हातात आली म्हणजे निवड झाली असे मानणाऱ्या वाचकांपुढे माझ्या कामाला काही अर्थ उरत नाही, हे मी बोलून दाखवते आणि त्याबद्दल वरिष्ठांची बोलणीही खाते.

खरे तर पानांच्या संख्येवरून कादंबरीला लागणारा वेळ मुळीच ठरत नाही. शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) हातात धरून मनगट दुखावे एवढी मोठी आहे, पण कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आळीपाळीने बोलत राहतात आणि एरवी फारसे न वाचणारी माणसेही ती मुदतीच्या आत परत आणतात. उलट उद्धव शेळके यांच्या 'धग'मधले (१९६०) वऱ्हाडी संवाद ज्याच्या कानावर कधी पडलेले नाहीत, त्याला सुरुवातीच्या प्रकरणांतच अडखळायला होते. आणि बोली कानात बसल्यावर कौतिकची परवड त्याला घाईने वाचवत नाही. ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' तर 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली होती. तिचे पहिले वाचक आठवडाआठवडा पुढच्या अंकाची वाट पाहत होते आणि आज ती शनिवार-रविवारमध्ये होईल का, असे मला विचारले जाते. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीतले चौथे सूत्र 'वाचकाचा वेळ वाचवा' असे आहे. ते पुस्तक शोधण्यात जाणाऱ्या वेळाबद्दल आहे, पुस्तक वाचण्यात जाणाऱ्या वेळाबद्दल नाही, हे डिसेंबरमध्ये किती जणांना समजावायचे?

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस आमचे एक सभासद आले. सरकारी कार्यालयात आवक-जावक शाखेत उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेले, अतिशय शिस्तीचे गृहस्थ. त्यांच्याजवळ एक रोजनिशी असते आणि तीत वाचलेल्या प्रत्येक कादंबरीचा अनुक्रमांक, नाव, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख आणि एका ओळीचा शेरा असतो. पन्नासाला तीन कमी पडत होत्या. "मॅडम, लहान द्या, पण फालतू देऊ नका," एवढीच त्यांची अट होती.

अशी अट मला आवडते, कारण तिच्यात निवडीला जागा असते. मी विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' (१९३९), व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि पु. शि. रेगे यांची 'सावित्री' (१९६२) काढून दिली. या तिन्हींचा क्रमही मी विचार करून लावला होता. 'रणांगण'मध्ये युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट आहे, ती वाचकाला पहिल्या पानापासून ओढून नेते. 'बनगरवाडी'त धनगरांच्या वस्तीवर आलेल्या तरुण मास्तराबरोबर वेग आपोआप मंदावतो. त्यानंतर 'सावित्री'ची पत्रे वाचावीत, म्हणजे ती घाईत निसटत नाहीत, असा माझा हिशेब होता.

पहिल्या दोन लगेच परत आल्या. शेरे मला दाखवण्यात आले. 'बोटीवरील प्रवास. शेवट दुःखद.' 'शाळामास्तर. अखेरीस दुष्काळ, गाव उठते.' शेऱ्यांत चूक काहीच नव्हती, आणि म्हणूनच मला चीड आली. ज्या कादंबरीत हॅर्टासारखी निर्वासित ज्यू तरुणी भेटते, तिच्याबद्दल माणूस जावक नोंदवहीतल्यासारखी ओळ लिहितो, याला वाचन म्हणायचे का, असे मी जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना तावातावाने विचारलेही.

तिसरी घेऊन ते आले तेव्हा खिडकीवर गर्दी होती. त्यांनी पुस्तक पुढे सरकवले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात तक्रार नोंदवली, "ही प्रत अपुरी आहे. यातली पाने गेलेली आहेत. जावक सगळी आहे, आवक एकही नाही."

पाने गेल्याची तक्रार आम्ही हसण्यावारी नेत नाही. रहस्यकथांची शेवटची पाने फाडून नेणारे वाचक प्रत्येक ग्रंथालयाच्या नशिबी असतात. शिवाय ही प्रत पुनर्बांधणी होऊन आलेली होती आणि बांधणीच्या वेळी एखादा फर्मा, म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, गळणे किंवा उलटा शिवला जाणे अशक्य नसते. म्हणून मी पुस्तक टेबलावर उघडून रीतसर तपासले. प्रत्येक फर्म्याच्या मध्यावर शिवणीचा दोरा दिसतो, तो धरून सोळा-सोळा पाने मोजत गेले. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात त्याचा क्रमांक छापलेला असतो. बांधणाऱ्याने कडा कातरताना दोन ठिकाणी तो उडवला होता, तिथे पृष्ठांक जुळवून पाहिले. एकही पान गेलेले नव्हते.

मग मी त्यांना सांगितले की या कादंबरीत फक्त सावित्रीची पत्रे आहेत. ज्याला ती लिहिली, त्याचे एकही पत्र लेखकाने दिलेले नाही. ते काय असेल, याचा अंदाज आपण तिच्या पुढच्या पत्रावरून बांधायचा. माझा खिडकीवरचा सहकारी एव्हाना तोंड फिरवून हसत होता. त्या गृहस्थांनी मात्र पुस्तक पुन्हा हातात घेतले, मधली दोन पत्रे उभ्या उभ्या वाचली आणि विचारले, "म्हणजे उत्तरे मुद्दाम ठेवलेली नाहीत?"

"हो."

"मग ही संपली असे मी कोणत्या तारखेला लिहू?"

मला उत्तर सुचले नाही. त्यांनी पुस्तकाची मुदत वाढवून घेतली, रोजनिशीत अनुक्रमांक लिहिला, समोरचा रकाना कोरा ठेवला आणि चौथ्या लहान कादंबरीची मागणी न करता ते निघून गेले.

सहकाऱ्याच्या मते हा निव्वळ कारकुनी विनोद होता आणि तो त्याने चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितला. मला ते तितके सोपे वाटत नाही. मी 'सावित्री' अनेकांना दिली आहे. बहुतेकांनी ती परत करताना 'फार सुंदर', 'तरल' असे काहीतरी म्हटले आणि पुढचे पुस्तक नेले. उत्तरे नसल्याचे कोणाला खटकले नाही. खटकले ते प्रत्येक पत्राला उत्तर असतेच, ही सवय आयुष्यभर हाडीमाशी खिळलेल्या माणसाला. ज्या नोंदवहीच्या वृत्तीचा मला तिटकारा आला होता, तिनेच त्यांना कादंबरीच्या ऐन मर्मापाशी नेऊन उभे केले. असे असेल तर त्या आधीच्या दोन शेऱ्यांबद्दल माझे मत बदलायला हवे का? 'गाव उठते' या दोन शब्दांत त्यांनी काय पाहिले होते, हे मी विचारलेच नाही. दुसरीकडे असेही वाटते की मी उगाच भारावून जात आहे. त्यांना कदाचित फक्त रकाना भरायचा होता.

वाढवून दिलेली मुदत केव्हाच उलटली आहे आणि पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे. त्याच प्रतीसाठी आरक्षण नोंदवून एक विद्यार्थिनी दोनदा चौकशी करून गेली. नियमाप्रमाणे स्मरणपत्र जायला हवे; सहकाऱ्याने ते टंकून माझ्या सहीसाठी ठेवले आहे, आणि उद्या सकाळी मी आधी त्यांना फोन करणार आहे.