बाळ्याला एकादशी घडवू नका बाप्पा

पहिले तेच सांगते जे सगळ्यात महत्त्वाचं आहे. जाड मांजराला उपाशी ठेवायचं नाही, वजन उतरवायचं म्हणून तर अजिबातच नाही. आपल्याकडे एकादशी, चतुर्थी, पोट बिघडलं की लंघन, त्यामुळे "दोन दिवस खायला नको देऊ, आपोआप उतरते" हा सल्ला कोणीही देऊन जाते, बाजूच्या काकूंनी तर आमच्या बोक्याला, बाळ्याला पाहिल्या पाहिल्या दिला. माणसाचं चालून जाते. मांजराचं खाणं बंद झालं की अंगावरची चरबी भराभर लिव्हरकडे जाते, लिव्हरला ती निस्तरता येत नाही, तिथेच साठत राहते, आणि काही दिवसांत कानाच्या आतून, हिरड्यांवर पिवळेपणा दिसायला लागू शकते. हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात त्याला. जीव जाऊ शकते. आणि मांजर जितकं जाड तितका हा धोका जास्त, म्हणजे ज्याला उपास घडवायची लोकांना घाई असते त्यालाच तो सगळ्यात वाईट.

तर आमचा बाळ्या. नसबंदी झालेला बोका, फ्लॅटमध्येच राहते, वजन साडेसहा किलो. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज कमी होते, हे ऑपरेशनच्या वेळीच प्रत्येकाला ठासून सांगायला पाहिजे खरं तर. पोटाखाली लोंबते ती पिशवी पाहून मात्र ठरवू नका, ती बारीक मांजरांना पण असते. बरगड्यांवर हात फिरवून पाहायचा. आपल्या पालथ्या पंजाची हाडं बोटाला लागतात तशा बरगड्या लागल्या तर बरोबर, दाबून शोधाव्या लागत असतील तर जाड.

डॉक्टरांनी टार्गेट दिलं साडेचार किलोचं. हिशोब असा की टार्गेट वजनाच्या मांजराला पडून राहायला जेवढ्या कॅलरी लागतात त्याच्या साधारण ८० टक्के द्यायच्या, साडेचार किलोला त्या दिवसाच्या १७५ च्या आसपास येतात. कोरडं खाणं १०० ग्रॅमला ३५०-४०० कॅलरीचं असते, म्हणजे दिवसभराचं मिळून ४५ ग्रॅम, बस. वाटीनं, मुठीनं मोजाल तर फसाल, किचनचा डिजिटल काटा घ्या. आता आमच्या आईचं दूध पाहा. फुल क्रीमचं अर्धी वाटी दूध म्हणजे ६०-६५ कॅलरी, दिवसाच्या कोट्याचा तिसरा हिस्सा गेला ना तिथेच! वरून बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत पण नाही. पण आईला हे सांगणं म्हणजे... तिला वाटते मी तिच्या हातचं तोडून राहिली. शेवटी ४५ ग्रॅमचा डबा सकाळी भरून तिच्याच ताब्यात दिला, दिवसभर त्यातूनच द्यायचं, लाड करायचे तर त्यातूनच. हे जमलं.

पण नेहमीचंच खाणं खूप कमी केलं तर प्रोटीन, व्हिटॅमिन सगळंच कमी पडते आणि चरबीसोबत मसल पण जाते, म्हणून वजन कमी करायचं वेगळं प्रोटीनवालं खाणं येते, महाग आहे पण शक्य असेल तर तेच. ओलं खाणं पण चांगलं, त्यात तीन-चतुर्थांशाच्या वर पाणीच असते, पोट भरल्यासारखं होते. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा, जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत. नवीन खाण्याला तोंडच लावलं नाही तर जिद्द करू नका, जुनं परत द्या, आणि २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर. डायबेटिस असून इन्सुलिन सुरू असेल तर यातलं काहीच स्वतःच्या मनानं करू नका, वजन उतरलं की डोस बदलावा लागते.

आठवड्याला वजनाच्या एक टक्का उतरलं तर छान, दोनच्या वर नको. साडेसहा किलोला एक टक्का म्हणजे ६५ ग्रॅम, आपला बाथरूमचा काटा १०० ग्रॅमच्या खालचं दाखवतच नाही, त्यामुळे रोज कडेवर घेऊन काट्यावर चढण्यात अर्थ नाही. लहान बाळांचा काटा मिळाला तर बेस्ट. एकूण सात-आठ महिने धरून चाला.

व्यायामाचं काय सांगू, नागपूरचा मे महिना, ४५ डिग्री, बोका कूलरसमोर चारही पाय वर करून पडलेला. दुपारी त्याला पळवायच्या भानगडीत पडायचं नाही, जाड मांजराला उन्हाळा तसाही जड जाते. सकाळी पाचला आणि रात्री नऊनंतर पाच-पाच मिनिटं दोरीमागे पळते, पुरे. बाकी बाटलीला भोकं पाडून त्यात डब्यातल्याच खाण्याचे दाणे टाकते, ती लोटत लोटत घरभर फिरते साहेब.

सध्या सहाच्या खाली आलाय. आता आईचं नवीन सुरू झालं, "वाळला गं माझा बाळ्या, तोंड पाहा कसं उतरलं." बरगड्या अजून दाबूनच शोधाव्या लागतात, त्यामुळे डबा ४५ चाच राहील.