ताटाची डावी बाजू

मागच्या रविवारची गोष्ट. पुण्याचं एक कुटुंब चोर्ला घाटातून गोव्याला जाता जाता एक रात्र आमच्याकडं उतरलेलं, सकाळी घावन खायला बसले. त्यातल्या बाई घावन नुसतंच खात होत्या, चटणीला हात नाही, लोण्याला नाही, मला वाटलं असतील कमी तिखट खाणाऱ्या, आपण कशाला टोकायचं. नंतर प्लेटा उचलताना त्यांची मुलगी हळूच म्हणाली, आईला साखर हवी होती पण तुमच्याकडं नाही वाटतं. आता साखर टेबलावरच होती हो! अगदी त्यांच्या कोपराजवळ. फक्त स्टीलच्या डब्यात होती आणि वर झाकण होतं, आणि परक्या घरात झाकण उघडून बघायला कुणाचा हात धजतोय.

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या अलीकडं आमचं जुनं कौलारू घर आहे, त्यातल्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. राहणं आणि सकाळचा नाष्टा. सुरुवातीला माझं सगळं लक्ष मेन आयटमवर असायचं, म्हणजे आज घावन, उद्या थालीपीठ, परवा पोहे नाहीतर आंबोळी. आणि बाजूचं जे काय असतं ते आपलं ऐनवेळी हाताला येईल तसं ठेवायचं. पण पाहुण्यांच्या वहीत लोक लिहून जातात ते वाचलं की कळतं, पोह्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, चटणीबद्दल लिहितात, लोण्याबद्दल लिहितात, चहाला वास होता हेही लिहितात (होता, खरंच होता).

आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग? डावी बाजू वाढल्याबिगर ताट वाढलं म्हणतात व्हय कोण?" जेवणाचं ताट आपण वाढतो ते मिठापासून, मग लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर सगळं डावीकडं, आणि त्यानंतर उजवीकडं भाजी. लग्नाच्या पंगतीत सुद्धा मीठ वाढणारा पोरगा आधी पळतो. नाष्ट्याला मात्र आपण ही डावी बाजू विसरतो, कारण घरी नाष्टा म्हणजे एक प्लेट आणि चमचा, उभ्या उभ्या. पाहुण्याला तसं चालत नाही, त्याच्यासाठी ते सकाळचं जेवणच असतं, पुढं घाटात गाडी चालवायची असते बिचाऱ्याला.

तर आता आमची डावी बाजू सांगते. शेंगदाण्याची चटणी कायमची, दाणे मंद भाजून, सालं काढून, लसूण-जिरं-तिखट-मीठ घालून खलबत्त्यात कुटलेली, मिक्सरला एकदा लावून बघितली तर तेल सुटून गोळा झाला, मिक्सरला करायची तर थांबून थांबून फिरवावी लागते. धारवाड-हुबळीकडचे पाहुणे हिला शेंगा हिंडी म्हणतात आणि भाकरीबरोबर चमच्याने नाही, मुठीने घेतात. दुसरी कारळाची, इकडं गुरेळ म्हणतात, काळी दिसते म्हणून मुंबईचे लोक आधी संशयाने बघतात. आणि तिसरा आमचा रंजका. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते, थंडी सरताना पिकलेल्या ओल्या लाल मिरच्या येतात, त्या मीठ, लिंबू, लसूण, थोडी मेथी घालून वाटायच्या आणि बरणीत भरून ठेवायच्या. संकेश्वरी मिरची जास्त पडली तर डोळ्यातून पाणी, ब्याडगी असेल तर रंग मस्त आणि तिखट बेताचं. नवीन माणसाला मी रंजका नुसता देतच नाही, दह्यात कालवून देते, मग तो स्वतःच म्हणतो जरा अजून.

लोणी घरचं. दोन म्हशी आहेत, साय साठवून दोन दिवसाआड घुसळण. ताक नाष्ट्याला जातं, लोणी वाटीत. फ्रीजमधून डायरेक्ट काढलेलं लोणी घावनावर ठेवलं तर ते घावनच फाडतं, पातळ असतंय ना, म्हणून अर्धा तास आधी काढून ठेवायचं, पण एप्रिल-मेमध्ये अर्धा तास ठेवलं की वाटीत तुपासारखं पसरतंय. मग उन्हाळ्यात गार पाण्याच्या वाडग्यात लोण्याची वाटी. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, एक वाटी लोणी वाया गेलं की आपोआप कळतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात. आमच्या पुढं कणकुंबी, मलप्रभेचा उगम तिथं, त्यावरून अंदाज करा पाऊस कसा असेल. जून ते सप्टेंबर घरात काहीही कोरडं राहत नाही, मीठदाणीची भोकं बंद, साखरेचा खडा, पापड भाजून टेबलावर आणेपर्यंत मऊ. मिठात तांदळाचे दाणे टाकून बघितले, थोडा फरक पडतो, पण पाहुण्याच्या पोह्यात कच्चा तांदूळ पडला तर तो दाताखाली आल्यावर जे तोंड होतं ते बघवत नाही. आता मीठ छोट्या चिनी मातीच्या बरणीत, छोटा चमचा, खायच्या वेळेला बाहेर आणि लगेच आत. दाण्याची चटणी उन्हाळ्यात पंधरा दिवसाची एकदम करते तशी पावसाळ्यात नाही, चार-पाच दिवसाचीच, नाहीतर खवट वास. आणि सगळ्यात मोठा शत्रू ओला चमचा. लोणच्याच्या बरणीत एक ओला चमचा गेला की आठ दिवसात वर पांढरी बुरशी.

खानापूरची माती प्रसिद्ध, कौलं, विटा, मडकी. मला हौस आली, म्हटलं गावचं काहीतरी दाखवू, म्हणून एका कुंभाराकडून छोट्या छोट्या मातीच्या वाट्या करून आणल्या, चटणी-लोणच्याला. दिसायला काय सुंदर! फोटो सगळ्यांनी काढले. पण माती तेल पिते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लोणच्याचं तेल वाटीच्या बाहेरच्या बाजूला घामासारखं आलं, टेबलक्लॉथवर गोल गोल डाग, आणि धुवून ठेवलेल्या वाट्यांना जुलैत हिरवट बुरशी. आता त्या वाट्यांत फक्त दही लावतो, एकदा वापरायची आणि झाडाबुडी. दही मात्र मातीत एक नंबर लागतं, जास्तीचं पाणी वाटीच शोषून घेते.

सॉसबद्दल माझं मत आधी फार कडक होतं. घावनाला सॉस? मी ठेवणारच नाही म्हटलं होतं. मग एका सकाळी पाच वर्षाचा एक पोरगा सॉस सॉस करून एवढा रडला की त्याच्या आईवडिलांचं पण खाणं झालं नाही. मग आणल्या पुड्या. तेलकट हाताने ती पुडी फाटत नाही, दाताने फाडतात, अर्धा सॉस शर्टावर, आणि रिकाम्या पुड्या वाऱ्याने उडून मागच्या पोफळीत. आमच्या पलीकडं भीमगडचं जंगल सुरू होतं, वानरं येतात, त्यांच्या हातात सॉसची पुडी बघितली त्या दिवशी पुड्या बंद. आता काचेची बाटली स्वयंपाकघरात असते, लहान मूल असेल तर वाटीत दोन चमचे घालून न मागता समोर ठेवते. जॅमचं पण तसंच. मोठी माणसं मागतात तेव्हा आधी काजूच्या झाडाकडं बघून लाजतात आणि मग मागतात, का कोण जाणे.

एक गोष्ट जरा गंभीर. गेल्या वर्षी एका पाहुण्यांच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. मला वाटलं सोपं आहे, चटणी नको, संपलं. मग आईने एकेक विचारायला सुरुवात केली, पोह्यात? आहेत. काकडीच्या कोशिंबिरीत? कूट आहे. थालीपीठ कशात भाजता? शेंगतेलात. मला घामच फुटला, आपल्या स्वयंपाकात दाणे कुठं कुठं असतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा मोजावं लागलं. त्या पोराला शेवटी वेगळ्या तव्यावर तूप घालून घावन, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि उकडलेली रताळी, आपल्या बेळगाव भागातली रताळी, लोण्याबरोबर, ती त्याने चार खाल्ली. आता बुकिंगच्या फोनवरच विचारते, काय खात नाही, काय चालत नाही. आणि चमचे वेगळे, कारण दाण्याच्या चटणीचा चमचा खोबऱ्याच्या चटणीत घातला तर सगळं मुसळ केरात. मधाचं पण विचारते, घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध चाटवू नका म्हणून सांगते. आत्तींना हे पटत नाही, त्यांनी सगळ्यांना चाटवलाय, पण डॉक्टर नको म्हणतात त्यात वाद नको.

आता चहा. आमच्याकडं चहा म्हणजे दूध-साखर-आलं सगळं एकत्र उकळून, कडक. पण सहा पाहुणे असले तर सात प्रकारचा चहा लागतो. एक बिनसाखरेचा, एक कमी साखरेचा, एक काळा, एक लिंबू घालून, एकाला ग्रीन टी आणि एकजण चहाच घेत नाही पण "करणार असाल तर अर्धा कप". आधी मी सगळा चहा करून थर्मासमध्ये भरायची, उशिरा उठणाऱ्यांना सोय म्हणून. दुधाचा चहा थर्मासमध्ये तासभर राहिला की त्याला एक वास येतो, वहीत लिहिलेला तो चहा हाच. आता थर्मासमध्ये फक्त कडक गरम पाणी, बाजूला ग्रीन टीच्या पिशव्या, लिंबाच्या फोडी आणि साखर वेगळी, काचेच्या बरणीत, दिसणारी! दुधाचा चहा मात्र माणूस बाहेर येऊन बसला की ताजाच टाकायचा, पाच मिनिटं लागूदेत. एका काकांनी दुधाच्या चहात लिंबू पिळलं ते पण बघितलंय, त्यामुळं लिंबाची बशी आता ग्रीन टीच्या शेजारी असते, दुधापासून लांब.

गुळाचा चहा हल्ली सगळ्यांना हवा. उसाचा जिल्हा, गूळ दारात. पण दुधाबरोबर गूळ उकळला की चहा नासतो, मी दोनदा नासवलाय पाहुण्यांसमोर. आधी पाण्यात चहा-गूळ-आलं उकळून घ्यायचं, गॅस बंद करायचा आणि मग गरम दूध वरून ओतायचं.

कॉफीला मी फिल्टर घेतला, स्टीलचा, दोन मजली. वरच्या भांड्यात पावडर, ऐंशी-वीसवाली, वीस चिकोरी, हलकी दाबायची आणि उकळतं पाणी, खाली थेंब थेंब पडायला वीस मिनिटं तरी जातातच. म्हणून तो रात्री झोपायच्या आधी लावून ठेवते, सकाळी डिकॉक्शन तयार, फक्त नंदिनीचं, म्हणजे पिशवीतलं, दूध तापवायचं, कारण म्हशीच्या दुधात कॉफी फार जड होते. बेंगळूरहून आलेलं जोडपं होतं, त्यांनी सवयीने "बाय टू" सांगितलं, म्हणजे एक कॉफी दोघांत, आत्तींनी एक कप करून दोन रिकामे कप पुढं ठेवले आणि मला आत येऊन विचारलं, "घरात बसून पण वाटून पिऊलेत, पैसे जास्त लावलीस काय ग?"

आणि उरलेलं. याच्यावरून आमच्या दोघींचं सगळ्यात जास्त वाजतं. टेबलावर गेलेली वाटी परत बरणीत नाही, हे माझं पण मत, त्यांचं पण. पण आधी मोठ्या वाट्या भरून ठेवायची मी, भरलेलं दिसावं म्हणून, आणि रोज एवढी चटणी टाकायला लागायची की म्हशी पण तिखट खायला शिकल्या असत्या. आता माणशी एक लहान वाटी, अर्धीच भरलेली, संपली की लगेच दुसरी. लोणच्याची बरणी टेबलावर ठेवत नाही, कारण बोट चाटून तोच चमचा परत आत घालणारे भले भले लोक बघितलेत. एकदा आत्तींनी असं बघितलं, काही बोलल्या नाहीत, अलगद बरणी उचलली, आत आणली आणि मला म्हणाल्या, "ही आता तुमची दोघांची." तीन किलोचं कैरीचं लोणचं, आम्ही नवरा-बायको दिवाळीपर्यंत खात होतो.

आग्रहाचं पण एक आहे. आत्तींना वाढल्याशिवाय चैन पडत नाही, "घ्या की वो, अजून एक घ्या", पाहुणा हाताने प्लेट झाकतो तरी बोटांच्या फटीतून घावन सरकवतात. काहींना फार आवडतं, आजीची आठवण येते म्हणतात. काहीजण दुसऱ्या दिवशी लवकर निघतो म्हणून नाष्टाच टाळतात. मी मध्ये पडून सांगितलं, एकदा विचारायचं, नको म्हटलं की थांबायचं. त्यांनी ऐकलं, त्यांच्या पद्धतीने. आता एकदाच विचारतात, पण मग तिथंच उभ्या राहतात.

साखरेच्या त्या प्रकारानंतर मी म्हटलं बरण्यांवर चिठ्ठ्या लावू, काय आहे ते. यांनी लगेच विचारलं, कुठल्या भाषेत? मराठीत लावली तर कन्नड पाहुण्याला कळणार नाही, कन्नडमध्ये लावली तर पुण्याच्या, इंग्लिशमध्ये लावली तर आत्तींना. तिन्ही भाषेत लावायची तर चिठ्ठी बरणीपेक्षा मोठी, आणि कुठली भाषा वर लिहायची यावर बेळगावात काय काय होऊ शकतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आत्ती भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "काचेत घाल की. साखर साखरेसारखी दिसतीया."

तर काल बेळगावला जाऊन काचेच्या सहा बरण्या आणल्या, गणपत गल्लीतनं, घासाघीस करून. साखर, गूळ, कारळ, दाण्याची चटणी, मीठ, आणि सहावी अजून रिकामी आहे. उद्या सातजण येणार आहेत, त्यातल्या दोघांना दाणे चालत नाहीत, म्हणून खोबरं किसायला बसायचंय, आणि फिल्टर लावायचा राहिलाय.