तेहतिसावा दात

परवा दुपारी जेवण झाल्यावर मी जिभेने दात मोजत बसले होते. खूळ डॉ. सिरी पायबूनचं, एका रहस्यमालिकेतल्या नायकाचं. या म्हाताऱ्याच्या तोंडात तेहतीस दात आहेत आणि त्याला मेलेली माणसं दिसतात. माझ्या अक्कलदाढा कधीच काढून झाल्यात, त्यामुळे तो धोका नाही.

कॉलिन कॉटरिलची ही रहस्यमालिका २००४ साली सुरू झाली. काळ १९७६ आणि त्यापुढचा, गाव व्हिएन्तियान. लाओसचा राजा नुकताच पायउतार झालाय, पाथेट लाओ या कम्युनिस्टांचं राज्य आलंय, आणि बहात्तराव्या वर्षी निवृत्तीची वाट बघणाऱ्या सिरीच्या गळ्यात देशभरातली पोस्टमॉर्टेम करायचं काम पडतं. आयुष्यात त्याने एकही केलेलं नसतं! हाताशी जुनी फ्रेंच पुस्तकं. रसायनं हवीत तर शाळेतल्या शास्त्राच्या बाईंकडे मागायची. भुतं येतात, पण खुन्याचं नाव सांगतील तर शपथ. नुसती येऊन बसतात. शोधायचं ते म्हाताऱ्यानेच. हे मला फार पटतं. भुताने येऊन सगळं सांगून टाकलं तर रहस्यकथा कशाला लिहायची?

लाओ माणसाच्या देहात बत्तीस ख्वान, म्हणजे जीवात्मे, राहतात म्हणे. आजारपणात, भीतीने, लांबच्या प्रवासात त्यातला एखादा भरकटतो. मग घरात ‘बासी’ मांडतात, फुलं आणि खाऊ ठेवून त्याला गोडीगुलाबीने परत बोलावतात आणि मनगटाला पांढरा दोरा बांधतात. लहानपणी मी दचकून उठले की आजी मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकायची, आणि ती तडतडली की मी आणखीच घाबरायचे. आमचं सगळं घालवून देण्यावर. बोलावून घेण्याची पद्धत मला जास्त आवडली.

नव्या सरकारला अर्थात हे काही नको होतं. अंधश्रद्धा म्हणजे क्रांतीशी गद्दारी. तसे आमचेही एक काका लाल बावट्याचे. मुंजा, हडळ, सगळं थोतांड, असं ओटीवर बसून ठणकावून सांगायचे. पण अवसेच्या रात्री तिठ्यावरच्या पिंपळाखालून काही यायचे नाहीत, मळ्यातून वळसा घालायचे. विचारलं की म्हणायचे, “तिथे कुत्री फार.” सिरी निदान प्रामाणिक आहे. चाळीसेक वर्षं पक्षात काढून, पॅरिसला डॉक्टरकी शिकून, आपल्या अंगात हजार वर्षांचा जुना मांत्रिक मुक्कामाला आहे हे तो कुरकुरत का होईना, मान्य करतो.

खुनी कोण निघाला म्हणाल, तर पहिल्या पुस्तकातलाही आता आठवत नाही. सिरी आणि त्याचा पॉलिटब्युरोतला, म्हणजे पक्षाच्या सगळ्यात वरच्या मंडळातला, दोस्त सिविलाय मेकाँगच्या काठी ओंडक्यावर बसून पाव खातात आणि आपल्याच सरकारची टिंगल करतात, ते मात्र पक्कं लक्षात आहे. त्यामुळे तीच पुस्तकं पुन्हा वाचायला माझी काही अडचण होत नाही.